दिगूची भूक शोधत मुलुंडपर्यंत

सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत सविस्तर वृत्तांत द्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मागे चित्रकलेच्या सरांनी एकट्या राणीच्या बागेवर तीन मधल्या सुट्ट्या घेतल्या होत्या. यंदा माझी पाळी आली, तेव्हा मला कबूल करावं लागलं की तीन आठवडे राहून मी राणीची बाग पाहिली नाही, चौपाटी पाहिली नाही, आणि समुद्र पाहिला तो मढचा, जिथे वाळूपेक्षा सुकत घातलेले बोंबील जास्त होते. मुलुंड मात्र तीनदा पाहिलं. मुलुंडला पाहण्यासारखं काय आहे, असं सरांनी विचारलं. एक पिठाची गिरणी आहे आणि तिच्या डोक्यावर एक दवाखाना आहे, असं मी म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली. उरलेलं इथे लिहिते.

बरोबर माझा धाकटा भाऊ दिगंबर होता. दिगू तेवीस वर्षांचा आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागतो आणि रुंदीने आईला आणि मला एकत्र धरलं तरी थोडा उरतो. हातपाय मात्र लहान मुलासारखे नाजूक. जन्मला तेव्हा इतका मलूल होता की दूध ओढायची ताकद नव्हती. आईने कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजून त्याला जगवलं. मग तीन वर्षांचा झाला आणि त्याला भूक लागली. ती जी लागली ती लागलीच. भात, कच्चे तांदूळ, गुरांची पेंड, शेजाऱ्यांच्या देवापुढचं खोबरं, काही म्हणून चालायचं. पोट भरणं म्हणजे काय हे त्याला कधी कळलंच नाही. शाळा चौथीत सुटली. पण तुकडे जुळवून चित्र लावण्यात त्याचा हात धरणारा कणकवलीपर्यंत कुणी नाही. मी जुन्या कॅलेंडरांतली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांचे दीडशे तुकडे करते, आणि दिगू ती माझ्या कातरीपेक्षा कमी वेळात पुन्हा जोडतो. डॉक्टरांनी लहानपणी चिठ्ठीवर ‘मतिमंद, खादाड’ एवढंच लिहून दिलं होतं. आम्ही ती चिठ्ठी जन्मपत्रिकेच्या घडीत ठेवली होती.

आमची मावशी बोरीवलीला राहते. तिच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा दिगू चौदा वर्षांचा होता. नैवेद्यासाठी एकवीस मोदक झाकून ठेवले होते; गुरुजींनी झाकण काढलं तेव्हा तीन होते. देवानेच खाल्ले म्हणा, असं मावशी म्हणाली. काकांना ते पटलं नाही. त्यानंतरच्या नऊ वर्षांत मावशीच्या प्रत्येक पत्रात मला आणि आईला बोलावणं असायचं. दिगूला आशीर्वाद असायचे.

आणि यंदा शिमग्याच्या जरा आधी दिगू कमी जेवायला लागला. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग नुसती पेज. मागणं थांबलं, हट्ट थांबला, रडारड थांबली. कपडे सैल झाले. आईने कधीतरी नवस बोलला होता तो फेडला, आणि आम्ही आळीत पेढे वाटले. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण वाटले. तो तुकड्यांच्या चित्रांनाही हात लावेना, तेव्हा मला वाटलं, पोक्त झाला. मी मावशीला कळवलं की दिगू सुधारलाय, मे महिन्यात त्याला घेऊन येते.

बोरीवली

मावशीची सोसायटी स्टेशनच्या पूर्वेला आहे. मागे नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. आमच्याकडे गावाला माणसांनी काय करू नये हे माणसंच सांगतात; इथे त्यासाठी फळा आहे. गॅलरीतून पाणी टाकू नये, असं त्यावर तीन भाषांत लिहिलं होतं. ते मी वाचत असतानाच दुसऱ्या मजल्यावरून पाणी पडलं, बरोबर माझ्या पिशवीवर. पाणी टाकणाऱ्या हंसाबेन होत्या, मावशीच्या शेजारीण. त्या धावत खाली आल्या, पिशवी पुसली, आणि भरपाई म्हणून ढोकळ्याची ताटली दिगूपुढे धरली. दिगूने मान फिरवली.

वर काकांनी फ्रिजला साखळी लावून ठेवली होती. काका पंचवीस वर्षं मिलमध्ये होते. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच, आणि आता ते मढला एका बंगल्याची राखण करतात. राखणीची कला घरीही दाखवावी असं त्यांना वाटलं असणार. साखळीची गरज नाही, असं मी त्यांना तोऱ्यात सांगितलं.

गरज नव्हतीच. मावशीने त्या संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं होतं, घावणे केले होते, सोलकढी होती. दिगूने घावण्याचे बारीक बारीक तुकडे केले, ताटाच्या कडेला ओळीने लावले आणि हात धुऊन आला. मावशीच्या तोंडाकडे पाहवेना. नऊ वर्षं जिने या खादाडाला लांब ठेवलं, तीच आता तो खात नाही म्हणून रुसली. दुसऱ्या दिवशी तिने कोळंबी आणली, तिसऱ्या दिवशी आंब्याचा रस काढला. जणू तिची आणि दिगूची कुस्ती लागली होती. रोज दिगूच जिंकत होता.

मी दोन दिवस सगळ्यांना समजावत होते की तो आता शहाणा झालाय. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी लसूण सोलत बसली होती. दिगू गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ त्याच्याकडे पाहून मावशी म्हणाली, “शालू, तो शहाणो नाय झालो गो. तो भियालो.”

मला राग आला. तीन महिने घरात राहून जे मला दिसलं नाही ते हिला तीन दिवसांत दिसलं, म्हणून जास्त आला.

मढ

काकांनी हवापालट म्हणून आम्हाला एक दिवस मढला नेलं. मालाडहून बस खाडीच्या कडेने जाते. आधी खारफुटी, मग माड, मग कौलारू घरं, दारात पांढरे क्रूस, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर टांगलेले बोंबील. वास थेट आमच्या बंदराचा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दिगू नाक दाबून बसला होता.

बंगल्यात त्या दिवशी शूटिंग होतं. लग्नाची पंगत चालली होती. अंगणात पाट मांडलेले, केळीची पानं, पानांवर खरी जिलबी आणि खरे लाडू. मी गावाकडची बाई, मला वाटलं होतं सिनेमातलं जेवण लाकडाचं असतं. पंगतीला माणसं कमी पडत होती. दिग्दर्शकाच्या सहायकाने आम्हाला पाहिलं आणि दिगूला पाहून तो हरखलाच. वधूचा मामा म्हणून असाच माणूस हवा होता म्हणे. काकांनी अडवलं, मला विचारलं. मी बसू दे म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्याची परीक्षा घ्यायची होती. जिलबीसमोर बसून जो खात नाही तो बरा झालाच, हे मला मावशीला दाखवायचं होतं.

एकच प्रसंग सात वेळा घेतला. दर वेळी पानात नवी जिलबी. शेजारचे पंगतकरी पहिल्या खेपेला खूश होते, चौथ्या खेपेला गप्प झाले, आणि सहाव्या खेपेला एक जण कुंपणाकडे पळाला. दिगू मात्र मांडीवर हात ठेवून बसला होता. सहायक ओरडून म्हणाला, ये मामा खाता क्यों नहीं रे. मी जवळ गेले तेव्हा दिसलं की दिगूच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि त्याने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. उजव्या हाताच्या पाठीवरची कातडी त्याने नखांनी ओरबाडली होती.

मी त्याला उठवून बंगल्यामागे समुद्राच्या बाजूला नेलं. खालच्या पायरीवर एक कोळीण जाळं निवडत होती. तिने एकदा वर पाहिलं, सरकून जागा करून दिली आणि पुन्हा कामाला लागली. मी त्याला भूक नाही का, असं विचारलं. गेल्या तीन महिन्यांत हे मी विचारलंच नव्हतं.

“आहे,” तो म्हणाला. “खूप आहे.”

“मग खात का नाहीस?”

“तो सांगतो ना. तू खाल्लंस की आई मरणार.”

कोण सांगतो, असं मी विचारलं. एक माणूस आहे, भिंतीतून बोलतो, इकडेही आलाय, असं त्याने सांगितलं. मग माझ्याकडे पाहून, शाबासकी मागावी तशा आवाजात म्हणाला, “मी नाही खाल्लं, ताई. आई आहे ना अजून?”

मी आहे म्हटलं. ज्या भुकेने त्याला कच्चे तांदूळ खायला लावले होते, ती भूक पोटात तशीच होती आणि तिला धरून तो तीन महिने बसला होता. आई वैतागली की म्हणायची, तुझ्या खाण्यापायी माझा जीव जाईल एक दिवस. सगळ्याच आया म्हणतात. भिंतीतल्या माणसाने नेमकं तेवढंच उचललं होतं.

मुलुंड

पत्ता दिला हंसाबेननी. त्यांच्या बहिणीची मुलगी बाळंतपणानंतर वेड्यासारखं करायला लागली होती, तिला मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंनी बरं केलं. हे कुणाला सांगू नका, असं हंसाबेननी दार लावून, खिडकी लावून मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तीन बिऱ्हाडांतून तोच पत्ता माझ्याकडे आला. प्रत्येकीने दार लावून घेतलं होतं. आमच्या गावात अशा दुखण्याला देवऋषी असतो आणि त्याच्याकडे सगळे उजळ माथ्याने जातात. इथे डॉक्टर असतो आणि त्याच्याकडे सगळे दुसऱ्याच्या भाचीला घेऊन जातात.

अंधेरीला बस बदलून, पवई तलावाच्या कडेने आम्ही मुलुंडला पोचलो. दवाखान्याखाली गिरणी. ती चालू असली की डॉक्टरांचं टेबल थरथरतं, कागद चालू लागतात आणि खिडकीच्या गजांवर पीठ बसतं. बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या. एका हाताने कागद दाबून धरत लिहीत होत्या. गिरणी थांबेपर्यंत मी नाडी बघत नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

त्यांनी मला आधी काही विचारलं नाही. दिगूला ‘दिगंबरराव’ म्हणून समोर बसवलं. त्याला आयुष्यात कुणी राव म्हटलं नव्हतं. तो ताठ झाला. तो माणूस कधी बोलतो, एकटाच असतो का, झोपू देतो का, हे त्यांनी एकेक करून विचारलं. दिगूने विचारलं, तुम्हाला ऐकू येतोय का. बाई म्हणाल्या, “मला नाही येत. पण तुम्हाला येतो हे मला पटलंय.” दिगूचे खांदे खाली आले. इतके महिने तो एकट्यानेच ते ऐकत होता.

मग माझी पाळी. जन्मल्यावर दूध ओढत होता का? भूक केव्हापासून लागली? तुकडे जोडायला आवडतं का? शेवटच्या प्रश्नावर मी चमकलेच. ते यांना कुणी सांगितलं? बाईंनी दिगूचे हात पालथे करून पाहिले, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, पीठ झटकलं आणि एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. फोटोत एक परदेशी मुलगा होता. केस सोनेरी, पण डोळ्यांची ठेवण, ओठांची ठेवण, ते इवलेसे हात, सगळा आमचा दिगू. आजाराला काही परदेशी डॉक्टरांची आडनावं जोडून नाव दिलेलं आहे. ते मी वहीत लिहून आणलंय, पण मोठ्याने वाचायचं धाडस अजून झालेलं नाही. जन्माआधीच गुणसूत्रांत काहीतरी चूक होते, फार थोड्यांना होते, आणि भूक त्या चुकीतून येते, असं बाईंनी समजावलं. पक्कं करायला मोठ्या इस्पितळात रक्ताची तपासणी करावी लागेल, त्याची चिठ्ठी दिली.

मी आईच्या वतीने विचारलं. दिगूच्या वेळी ग्रहणात तिने भोपळा चिरला होता, आणि त्याचं ओझं तिने तेवीस वर्षं वाहिलं होतं. बाई हसल्या नाहीत. ग्रहणाला यातलं काही कळत नाही, आईंना तसं नीट कळवा, एवढंच म्हणाल्या.

“पण तुम्ही ज्यासाठी आलात तो आजार वेगळा आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “तो मनाचा. अशा मुलांना मोठेपणी तो होऊ शकतो. आणि झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण काहीही झालं की घरचे म्हणतात, तो तसाच आहे.”

आम्ही तर ‘तो सुधारला’ म्हटलं होतं. मी पेढ्यांचंही सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी निम्म्यांनी काहीतरी वाटलेलं असतं, तुमचे निदान पेढे तरी होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आवाज हळूहळू लांब जाईल, पुरता जाईल असं वचन देत नाही, आठवड्याने या. भूक परत येईल, कदाचित जास्तच येईल, तेव्हा खाणं मोजूनच द्या आणि माझ्या नावाने बोटं मोडू नका. पहिला आजार आहे तसाच राहणार. दुसऱ्याचं मात्र बरंच काही करता येतं.

ट्रंक कॉल

आठ दिवसांचा मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. मावशीने कुस्ती सोडली आणि दिगूशेजारी नुसतं बसायला सुरुवात केली. आई जिवंत आहे हे त्याला ऐकवावं, ही कल्पना काकांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करून बघा, पण त्याने आजार जाणार नाही.

सोसायटीत फोन एकाच घरी, सेक्रेटरींच्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः घड्याळ घेऊन फोनशेजारी उभे राहिले. आमच्या गावच्या पोस्टात आई सकाळपासून येऊन बसली होती. कॉल लागायला तीन तास गेले. त्या तीन तासांत दिगूने अर्धी पोळी खाल्ली. एकेक घास तोंडात घालायचा, डोळे मिटायचे, घाम पुसायचा. खाऊन झाल्यावर त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. फोन वाजला.

“आई, तू आहेस?”

“आसंय रे बाबा, खय जातलंय?” आई इतक्या मोठ्याने ओरडली की सेक्रेटरींनाही ऐकू गेलं.

“मी अर्धी पोळी खाल्ली.”

पलीकडून नुसती खरखर आली. मग आई म्हणाली, “खा हां. पोटभर खा.” वीस वर्षं ‘पुरे’ म्हणत आलेल्या आईच्या तोंडून हे निघालं, आणि मागोमाग तिचा रडण्याचा आवाज. दिगूने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि मला सांगितलं की आईला सर्दी झालीय.

सगळं तिथेच बरं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा ताट सारलं. फोनवर दुसरीच बाई होती, असं त्या माणसाने त्याला सांगितलं होतं. मी गोळी पुढे केली, मावशीने पाणी दिलं, आणि आम्ही वाट बघत राहिलो.

पवईच्या वाटेवर

तिसऱ्यांदा मुलुंडहून परतताना पवई तलावापाशी बस बंद पडली. उतारू खाली उतरले, ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला. ऊन मी म्हणत होतं. गेले दोन दिवस दिगू सकाळी न सांगता अंघोळ करत होता आणि मावशीच्या जुन्या कॅलेंडरावर कातर फिरवायला मला सांगत होता, पण जेवण अजून अर्ध्यावरच होतं. डॉक्टरीणबाई मात्र खूश होत्या. परत जायला हरकत नाही, दिवाळीत पुन्हा आणा, असं त्यांनी सांगितलं होतं.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उकडलेल्या शेंगा विकत होता. दिगू बराच वेळ त्याच्या टोपलीकडे पाहत राहिला. मग माझा पदर ओढून म्हणाला, “ताई, मला भूक लागली.”

मी एक पुडी घेऊन दिली. त्याने पहिली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि चावायचं थांबवून मान तिरकी केली. तलावावरून बगळे उडाले, कंडक्टर बसच्या नावाने खडे फोडत होता.

“काही म्हणाला?” मी विचारलं.

“लांब आहे,” दिगू म्हणाला. “नीट ऐकू येत नाही.” आणि त्याने दुसरी शेंग सोलली.

पुडी संपली. त्याने दुसरी मागितली. बाईंनी बजावलेलं आठवून मी नाही म्हटलं. तेव्हा माझा भाऊ भर उन्हात, भर रस्त्यात, आपल्या सगळ्या वजनानिशी फतकल मारून बसला आणि शेंगा मिळाल्याशिवाय उठणार नाही, असं त्याने पंचवीस उतारूंना ओरडून सांगितलं. तेवढ्यात बस सुरू झाली. लोक चढून बसले, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. बाई, आवरा त्याला, असं कंडक्टर म्हणाला. एकाने बगलेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. शहरातल्या लोकांना उशिराचा किती राग येतो ते मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. माझ्या कुळाचा, मी लावलेल्या वळणाचा, सगळ्याचा उद्धार झाला.

मी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली. चेहरा पडलेला ठेवायचा फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. शेवटी मीही दिगूशेजारी रस्त्यावर बसले, आणि एका पुडीवर तडजोड होईपर्यंत आम्ही दोघं मनसोक्त भांडलो.